पोचवणाऱ्याचं काम

लूमच्या कारखान्यात तेल घालायची एक कुप्पी असते. पत्र्याची, बसक्या बुडाची, वर निमुळती होत गेलेली लांब चोच. बुडावर अंगठा दाबला की पत्रा ‘टक्’ करून आत जातो, चोचीच्या टोकाशी एक थेंब फुगतो आणि पडतो. अंगठा उचलला की पत्रा पुन्हा ‘टक्’ करून जागेवर येतो. कामतघर असो, पद्मानगर असो की शांतीनगर, भिवंडीत वाढलेल्या माणसानं ही कुप्पी बघितली नाही असं सहसा होत नाही. चालू लूमच्या दोन रांगांमधल्या चिंचोळ्या बोळातून तेल घालणारा माणूस तिरका होऊन सरकतो. शेजारी धोटा या पेटीतून त्या पेटीत आदळत असतो. कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी शब्द कळत नाही. आणि हा माणूस नीट न बघताच हात पुढे करतो, शाफ्टवरच्या नेमक्या भोकात दोन थेंब सोडतो आणि पुढच्या लूमकडे वळतो. थेंब कमी पडले तर बेअरिंग आधी कुरकुरतं, मग तापतं. जास्त पडले तर तेल उडून ग्रे, म्हणजे कोऱ्या, कापडावर जातं, आणि डागी माल म्हटलं की व्यापारी भाव पाडतो. लोखंडाला लागेल आणि सुताला लागणार नाही एवढंच तेल. हे माप कुठे लिहिलेलं नसतं. ते त्या अंगठ्यात असतं.

मोटारीच्या डॅशबोर्डवर हीच कुप्पी बसलेली आहे. किल्ली फिरवली की ती लाल उजळते. चोच, दांडी, टोकाशी सुटलेला एक थेंब, सगळं शाबूत. गाडी जपानी असो, कोरियन असो की पिंपरीची, चित्र तेच. गाडी चालवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी अशी कुप्पी आयुष्यात हातात धरलेली नसते. काहींना तो अल्लाउद्दीनचा दिवा वाटतो, काहींना चहाची किटली. इंजिन सुरू झालं की क्षणा-दोन क्षणांत ती विझते. विझते म्हणून आपण तिच्याकडे बघत नाही, आणि त्या क्षणा-दोन क्षणांत बॉनेटखाली काय झालं याची चौकशीही करत नाही. इंजिनाच्या आत कुप्पी घेऊन फिरणारा कोणी नाही. मिनिटाला तीन हजार फेरे, म्हणजे सेकंदाला पन्नास, घेणाऱ्या क्रँकला थेंबाथेंबानं तेल पाजायला कुणाचा अंगठा पुरणार? ते काम इंजिनाच्या खालच्या अंगाला बसलेला, दोन तळव्यांत मावेल एवढा एक पंप करतो. गाडीच्या जाहिरातीत त्याचं नाव येत नाही. शोरूममध्ये कोणी त्याबद्दल विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

माझी त्याच्याशी ओळख करून दिली चाचांनी. वंजारपट्टी नाक्याच्या पुढे त्यांचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, मधोमध गाडीखाली उतरायचा खड्डा, आणि भिंतीवर खिळ्यांना उतरत्या मापानं टांगलेले पाने. चाचांचं वय साठीच्या पुढे, बोलणं कोकणी वळणाचं, आणि एखाद्या इंजिनाचा राग आला तर तो हिंदीतून. अंजूरफाट्याच्या कोंडीत ती लाल कुप्पी मिणमिणायला लागली म्हणून मी गाडी ओढून त्यांच्याकडे आणवली होती. ऑइल मापायची स्टिक मी बघितली होती, ऑइल पुरतं होतं. म्हणून बत्तीच खोटी असावी, असा माझा अंदाज होता.

“ऑइल किती आहे ते बत्ती सांगत नाही, सर,” चाचा म्हणाले. “ते स्टिक सांगते. बत्ती सांगते ऑइल पोचतंय की नाही.”

त्यांनी इंजिनाच्या कुशीतला बत्तीचा छोटा स्विच पान्यानं सोडवला आणि त्या जागी नळी लावलेला एक गेज बसवला, घड्याळासारखा, काचेवर तेलाच्या बोटांचे ठसे असलेला. इंजिन थंड असताना दाबाचा काटा चार बारच्या आसपास उभा राहिला. मग गाडी तशीच चालू ठेवून त्यांनी चहा मागवला. चहा संपला, पंखा दोनदा लागून बंद झाला, आणि काटा हळूहळू खाली येऊन अर्ध्या बारखाली थरथरत राहिला. काढून ठेवलेला तो स्विच साधारण ०.३ ते ०.५ बारला बत्ती पेटवतो. म्हणजे लाल कुप्पी दिसते तेव्हा दाब कमी व्हायला लागलेला नसतो, तो जवळजवळ संपलेला असतो. चाचांचा नियम त्यामुळे कडक आहे: बत्ती लागली की इंजिन तिथल्या तिथे बंद, मग भले मागे नाशिकपर्यंत रांग लागो. ‘पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जाऊ’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांच्या क्रँक त्यांच्या शेडच्या कोपऱ्यात उभ्या आहेत, निळ्या पडलेल्या.

चेंबर उतरवलं. इंजिनाच्या तळाशी तेल साठवणाऱ्या पत्र्याच्या त्या परातीला आमच्याकडे सगळे चेंबरच म्हणतात. शागीर्दानं नट काढून तेल डब्यात गाळलं, मग परात सोडवून वर्तमानपत्रावर उपडी ठेवली. तिच्या बुडाला मध्यभागी एक पोचा होता. भिवंडीत पावसाळ्यानंतर बिनपोच्याचं चेंबर शोधायला जावं लागेल. खड्डा चुकवायला जावं तर स्पीडब्रेकर, स्पीडब्रेकर संपतो तिथे पेव्हर ब्लॉक वर आलेला. मानकोली, राजनोली, कशेळी, कोणत्याही दिशेनं गावाबाहेर पडा, चेंबर कुठे ना कुठे टेकतंच. फुटलं, तेल गळलं, तर माणूस थांबतो. पोचा पडला तर कोणी थांबत नाही, कारण खाली काही सांडत नाही.

पण पंप तेल घेतो ते चेंबरच्या तळातूनच. पंपापासून एक नळी खाली येते, तिच्या तोंडाला जाळीचा स्ट्रेनर असतो, आणि ती जाळी आणि चेंबरचा तळ यांच्यात जेमतेम बोटभर अंतर असतं. पत्रा खालून वर आला की ते अंतर मिटतं. चेंबर भरलेलं, स्टिक खूण दाखवतेय, आणि जाळीच्या तोंडाशी मात्र पत्र्यानं जवळजवळ बूच मारलेलं. माझ्या गाडीच्या जाळीवर शिवाय काळी साय धरलेली होती. चाचांनी ती नखानं खरवडून बोटांवर चोळली. जळकट, चिकट, गुळाच्या काकवीसारखी. त्या सायीत सिलिकॉनचा एक करडा धागाही निघाला. पूर्वी कधीतरी चेंबर बसवताना कोणीतरी लावलेलं जास्तीचं सिलिकॉन. बाहेर दाबलं गेलेलं पुसता येतं, आत दाबलं गेलेलं सुटून तरंगत जाळीवर येऊन बसतं.

“पंप बेगुनाह है,” चाचांनी निकाल दिला. पण आता इतकं उघडलंच आहे तर त्यालाही बघून घेऊ, असंही म्हणाले.

आजच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत पंप क्रँकच्या पुढच्या टोकावर बसवलेला असतो. तो बाहेर काढायचा तर बेल्ट, पुली, कव्हर असं एकेक उतरवत जावं लागतं. शेवटी एक ॲल्युमिनियमचं घर हातात येतं. त्याचं मागचं झाकण पाच-सहा स्क्रूंनी घट्ट बसवलेलं, इतकं की साधा स्क्रूड्रायव्हर नुसता घसरतो. चाचांनी त्यावर हातोडीच्या ठोक्यानं फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर लावला. झाकण निघालं आणि आत दोन चाकं दिसली, एकात एक. बाहेरचं कडं आतून लाटालाटांचं, आतलं चाक बाहेरून लाटालाटांचं, आणि आतल्याला एक दात कमी. गंमत त्या एका दातात आहे. दोन्ही चाकं एकाच दिशेनं फिरतात, पण एक दात कमी असल्यामुळे त्यांच्यातली पोकळी कधी स्थिर राहत नाही. एका बाजूला ती मोठी होत जाते आणि तेल आत येतं; दुसऱ्या बाजूला ती मिटत जाते आणि तेलाला बाहेर पडावंच लागतं. तेल ढकलायला झडप नाही, स्प्रिंग नाही. उणेपणातून चाललेलं काम.

चाचांनी चाकांवर टिकलीएवढी खूण केली, जशी होती तशीच परत बसावीत म्हणून. डिझेलमध्ये धुतली. मग फिलर गेजचं पान दातांमध्ये घालून बघितलं, कड्याच्या आणि घराच्या मध्ये घालून बघितलं, आणि घरावर सरळ पट्टी आडवी धरून पट्टीखालची फटही बघितली. ही शेवटची फट सगळ्यात नाजूक. साधारण ०.१५ मिलिमीटरच्या पुढे ती गेली की पंप स्वतःच्याच घरात तेल मागे सोडायला लागतो. नेमका आकडा प्रत्येक इंजिनाच्या पुस्तकात दिलेला असतो. झाकणाच्या आतल्या अंगावर गोल चरे होते. चाचांनी त्यावरून डोळे मिटून नख फिरवलं. नख अडकलं असतं तर झाकण काचेवर एमरी पेपर ठेवून घासावं लागलं असतं, नाहीतर पंपच बदलावा लागला असता. अडकलं नाही.

“चलेगा.”

मग त्यांनी एका खोक्यातून दुसराच पंप काढला. फियाटचा. आमच्या पिढीनं फियाट म्हटली, नंबरप्लेटवाल्यांनी प्रीमियर पद्मिनी म्हटली. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ती निघायची. इंजिन १०८९ सीसीचं. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला निवृत्त झाली, तेव्हा वर्तमानपत्रांत तिच्या मीटरचे, सीटच्या फुलाफुलांच्या कव्हरांचे, स्टेअरिंगजवळच्या गिअरचे उमाळे आले. चाचांकडे तिचा ऑइल पंप राहिला. तो दोन दातेरी चाकांचा, शेजारी शेजारी बसलेल्या. चेंबरमध्ये तेलातच बुडून राहायचा आणि कॅमशाफ्टवरून आलेला दांडा त्याला फिरवायचा, त्यामुळे क्रँकच्या निम्म्या वेगानं, निवांत. तहान लागली तर पाण्यातच उभा असलेला माणूस. नवा पंप क्रँकच्या नाकावर, तेलाच्या पातळीच्या वर बसतो. त्याला प्रत्येक वेळी खालून तेल वर घ्यावं लागतं. नळीच्या सांध्यातली चिमूटभर किमतीची ओ-रिंग कडक होऊन चिरली तर तो तेलाऐवजी हवा ओढतो, आणि तेलाचा फेस होतो. जुना पंप जड होता, पण त्याला ही चिंता नव्हती.

चाचांनी तो फियाटचा पंप तेलाच्या परातीत धरला आणि दांडा हातानं फिरवायला लागले. वरच्या भोकातून तेल मंद, जाड धारेनं वर आलं आणि कडेनं ओघळलं. “बघा, प्रेशर आहे?” नव्हतं. नुसतं तेल येत होतं. “आता भोकावर अंगठा ठेवा.” मी ठेवला. त्यांनी दांडा अर्धा फेरा फिरवला असेल नसेल, माझा अंगठा उचलला गेला. परत दाबून धरला तर दांडाच फिरेना.

पंप दाब तयार करत नाही. तो फक्त तेल पाठवतो. दाब तयार होतो पुढच्या अडचणीमुळे, तेलाला जायला जागा कमी असल्यामुळे. क्रँक आणि बेअरिंग यांच्यातली फट मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्यात मोजायची; ती जितकी चोख तितका गेजचा काटा वर. बेअरिंग झिजून फट वाढली की तेल सहज निसटतं आणि काटा पडतो. मग गिऱ्हाईक म्हणतं, पंप गेला. नवा पंप टाकतात, काटा तिथेच. दोष ज्याचा त्याच्यापर्यंत जायचं तर पूर्ण इंजिन खोलावं लागतं, आणि पंपावर आळ घेणं स्वस्त पडतं. आणि उलट, थंडीत जाडसर तेलानं काटा फार वर जायला लागला तर पंपाच्याच अंगातली स्प्रिंगची एक गोळी किंवा छोटा दट्ट्या मागे सरतो आणि जास्तीचं तेल परत चेंबरकडे सोडून देतो. कुठे थांबायचं हेही त्याच्या घरातच बसवलेलं.

चाकांच्या जोडीत तेल कुठून जातं, हेही मला त्या परातीत कळलं. माझी समजूत होती की दोन चाकं एकमेकांत दात घालतात तिथून, मधून, तेल पिळून पुढे जात असेल, उसाच्या चरकासारखं. तसं नाही. मध्ये दात घट्ट मिटलेले असतात, तिथून थेंब जात नाही. तेल जातं बाहेरच्या अंगानं, दात आणि घराची भिंत यांच्यातल्या खाचांमधून, परिघाला धरून, हळूच. ही युक्ती मोटारीपेक्षा फार जुनी आहे. ग्रहांच्या कक्षांचे नियम मांडणाऱ्या केप्लरनं सतराव्या शतकाच्या आरंभी, खाणीतलं पाणी उपसण्यासाठी, दातेरी चाकांचा असाच झडप नसलेला पंप सुचवला होता. मंगळ कसा फिरतो याचं गणित ज्या डोक्यात चालू होतं, त्याच डोक्यात खाणीच्या तळाचा चिखलही होता. मला हे वाचून केप्लर जास्त आवडायला लागला.

तरी सगळ्यात मोठं नवल पंपाच्या पुढे आहे. पंपानं पाठवलेलं तेल फिल्टरमधून, ब्लॉकमधल्या गॅलरीतून बेअरिंगपाशी पोचतं, दोन-चार बारच्या दाबानं. पण तिथे क्रँकवर प्रत्येक स्फोटाचा जो भार येतो, तो या दाबानं पेलण्याच्या कितीतरी पलीकडचा असतो. मग क्रँक लोखंडाला न टेकता फिरते कशी? याचं उत्तर एका फसलेल्या भोकातून मिळालं. १८८३ मध्ये इंग्लंडात बोचँप टॉवर नावाचा इंजिनिअर रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. आस खालून तेलात बुडालेला, वरून भार. टॉवरनं तेल घालण्यासाठी बेअरिंगच्या डोक्यावर एक भोक पाडलं. आत तेल जायचं सोडून त्या भोकातून तेल उफाळून बाहेर आलं. त्यानं बूच मारलं. बूच हळूहळू वर ढकललं गेलं. शेवटी त्यानं तिथे गेज बसवला. गेजवर चौरस इंचाला दोनशे पौंडांपर्यंतचे आकडे होते; काटा त्यांच्याही पुढे गेला. फिरणारा आस चिकट तेल आपल्याबरोबर ओढत अरुंद फटीत नेत होता, आणि त्या पाचरीवर स्वतःच उचलला जात होता. तीन वर्षांनी, १८८६ मध्ये, ऑस्बर्न रेनॉल्ड्सनं याचं गणित मांडलं. आज जवळजवळ प्रत्येक मोटारीचं इंजिन त्याच गणितावर, केसाच्या जाडीच्या किरकोळ हिश्श्याएवढ्या थरावर, तरंगत असतं.

म्हणजे भार पेलतो तो फिरणारा स्वतःच, स्वतःच्या फिरण्यातून. पंपाचं काम त्याच्या दारापर्यंत तेल नेऊन ठेवण्याचं. मात्र ते क्षणभरही चुकलं तर वरचं सगळं गणित कोरडं पडतं. मला वाटतं, शिकवणारे, स्वयंपाक करणारे, औषधाच्या गोळ्या वेळेवर हातात ठेवणारे, यांचंही असंच असतं. तरंगणं ज्याचं त्याचं, पोचवणं यांचं. पण हे फार ताणू नये. चाचा असं काही बोलत नाहीत. ते म्हणतात, “ऑइल गेलं पाहिजे, बस.”

या गावात लूम आहेत तसे आता पोचवणारेही आहेत. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, दापोडे, मानकोली, पुढे सोनाळे आणि पडघ्यापर्यंत, जिथे भाताची खाचरं होती तिथे गोदामं उभी आहेत. मुंबईत ज्याला कोणाला रात्री मोबाइलवर बोट टेकवून सकाळी काही दारात हवं असतं, त्याचं सामान बहुधा आमच्या वेशीतून जातं. टेम्पोवाले, कंटेनरवाले, गोणी पाठीवर घेणारे हमाल; माथाड्यांसाठी महाराष्ट्रानं १९६९ मध्येच कायदा केला, तरी पाठीवर किती पेलायचं हे अजून पाठच ठरवते. या सगळ्यांच्या वाहनांच्या पोटात एकेक पंप, आणि ती वाहनं अंजूरफाट्याला उभी. उभं राहणं पंपाला जड जातं, हे कोणाला सांगून पटत नाही. आपल्याला वाटतं, गाडी पळाली की ताण, उभी राहिली की आराम. पंप इंजिनाच्या वेगावर चालतो. इंजिन सुस्त चाललं की तोही सुस्त. मे महिन्यातली दुपार, एसी चालू, तेल तापून पाण्यासारखं पातळ झालेलं, आणि क्रँक मिनिटाला आठशे फेऱ्यांवर. दाब सगळ्यात कमी याच घडीला असतो. मोकळ्या नाशिक हायवेवर जी बत्ती कधी दिसणार नाही, ती आमच्या नाक्यावर मिणमिणते. किलोमीटरचा काटा हललेला नसतो, इंजिन मात्र तासभर चाललेलं असतं.

यावर बाजारात एक उपाय आहे: जाड तेल. काटा खाली येतोय? पुढचं जाड ग्रेड टाका. काटा वर जातो, बत्ती विझते, गाडी विकायची असेल तर विकलीही जाते. पण काटा वर गेला तो अडथळा वाढला म्हणून, तेल जास्त गेलं म्हणून नव्हे. सकाळी पहिल्यांदा इंजिन सुरू होतं तेव्हा तेच जाड तेल कॅमशाफ्टच्या शेवटच्या टोकापर्यंत पोचायला उशीर लावतं, आणि तोवर वरचे पार्ट कोरडे घासतात. आजकालच्या इंजिनांच्या फटी बारीक केलेल्या असतात आणि पुस्तकात ५डब्ल्यू-३०, ०डब्ल्यू-२० अशी पातळ तेलं लिहिलेली असतात. जुने मेकॅनिक ती बघून नाक मुरडतात. चाचांनीही मुरडलं. पण टाकताना त्यांनी पुस्तकातलंच टाकलं.

पंप मुळात नव्हता तेव्हाही गाड्या चालतच होत्या. फोर्डच्या मॉडेल टी गाडीत, जी १९०८ ते १९२७ एवढी वर्षं बनत राहिली, ऑइल पंप नव्हता. खाली फिरणारं फ्लायव्हील तेल उडवायचं आणि जे जिथे पडेल ते तिथे. त्याच्याही आधी आमच्या आग्रा रोडवरून बैलगाड्या जायच्या तेव्हा गाडीखाली वंगणाचा नळा टांगलेला असे; कणा कुरकुरला की गाडीवान उतरायचा, चाक सैल करायचा, वंगण फासायचा आणि बैलांना तेवढीच उसंत मिळायची. हात, मग शिंतोडा, मग पंप. प्रत्येक पायरीला माणूस एकेक पाऊल लांब गेला. गाडीवानाला कणा ऐकू यायचा. लूमवाल्याला बेअरिंगची ऊब हाताला लागते. आपण काच वर करून, एसी लावून, गाणी ऐकत बसतो, आणि आपल्या पायाखाली तीन-साडेतीन लिटर तेल मिनिटामिनिटाला पूर्ण फेरा मारून येतं. पंप चांगला झाला म्हणून आपलं लक्ष गेलं, अशी माझी तक्रार नाही. लक्ष कमी लागावं म्हणूनच तर तो बसवला. फक्त ‘कमी’ म्हणजे ‘अजिबात नाही’ असं आपण परस्पर ठरवून टाकलं.

पंप परत बसवतानाचा एक तपशील मला राहून राहून आठवतो. चाचांनी चाकांच्या पोकळीत नवं ऑइल भरलं आणि आतलं चाक बोटानं थोडं फिरवून ते सगळीकडे लागलं का बघितलं. कोरडा पंप हवेला धरू शकत नाही; त्याच्या फटी तेलानं भरलेल्या असल्या तरच तो खालून तेल वर घेतो. आधी द्यावं लागतं, मग तो देतो. नवं चेंबर, नवी ओ-रिंग, धुतलेली जाळी, नवा फिल्टर तेलानं अर्धा भरून. सिलिकॉनची रेघ आगपेटीच्या काडीएवढी बारीक, शागीर्दानं काढलेली, चाचांनी दोनदा पुसून परत काढायला लावलेली. मग इग्निशन तोडून नुसतं सेल्फवर इंजिन फिरवलं. काटा शून्यावर, शून्यावर, आणि मग एकदम झटक्यात उठला. चाचांनी बघितलं आणि हात पुसायला चिंधी घेतली. कोणी काही बोललं नाही. त्यांच्या लेखी त्यात बोलण्यासारखं काही नव्हतं.

पंपाची निगा म्हणून वेगळं असं काही करायचं नसतं. त्याला ग्रीस लागत नाही, त्याची सर्व्हिस नसते, तो नीट असेल तर कोणी उघडूही नये. निगा राखायची ती त्याच्यातून जाणाऱ्याची आणि त्याच्या वाटेची. आठवड्यातून एकदा, इंजिन थंड आणि गाडी सपाट जागी असताना, स्टिक काढून पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला आणि मग वाचा. चेंबर कुठे आपटलं असेल तर गळत नाही म्हणून सोडून देऊ नका, गाडी खड्ड्यावर घेऊन खालून बघा. आणि गाडीच्या पुस्तकातलं ऑइल बदलण्याचं पान एकदा उघडा. तिथे बहुधा दोन मुदती असतात, एक साध्या वापराची, दुसरी कठीण वापराची. धूळ, छोटे फेरे, तासन्‌तास चालू ठेवलेलं उभं इंजिन, हे सगळं दुसऱ्या मुदतीत येतं. भिवंडीत गाडी चालवणाऱ्यानं पहिली मुदत वाचायच्या भानगडीत पडू नये.